अष्टमीचं उधाण

७ नोव्हेंबर, शुक्र.

सकाळी निलेशचा मेसेज. "ताई, हेडफोन लावून ऐका. एकट्याच ऐका." असं कुणी म्हटलं की मला आधी संशय येतो. शाळेच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत ऐकलं. गायकाचं नाव मतलई. खरं नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. हे मला भूगोलाच्या पुस्तकाने नाही, बाबांनी शिकवलं.

गाणं: 'उसनी वाडी'. एक माणूस, चार तारांचं काहीतरी टिणटिण वाद्य, बाकी काही नाही. आवाज खालचा, जड, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. सुरू करण्याआधी घसा खाकरतो, ते कापलेलं नाही, तसंच ठेवलंय.

ज्या झाडांना पाणी घातलं
ती विचारतात, कोण रे तू?

दोनदा ऐकलं. बोनाफाइड मागायला आलेली मुलं बाहेर ताटकळली. आवडलं. आवडलं म्हणूनच नीट चौकशी करायला हवी. मागे 'पिवळी खिडकी' नावाच्या जोडीवर आम्ही जीव ओवाळून टाकत होतो. पुढे कळलं, गाणी भलताच कुणीतरी लिहून देतो.

९ नोव्हें., रवि.

रुख्सानाच्या मेडिकलमागची खोली. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आमची तिघांची बैठक. बसायला सलाइनचे खोके, मध्ये तिचा स्पीकर. स्वतः लिहून स्वतः गाणारी नवी पोरंपोरी, ज्यांना अजून कुणी ओळखत नाही, तीच ऐकायची. सिनेमातलं गाणं लावलं तर चहा त्याच्याकडून.

रुख्सानाने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग, "वृंदा, हे मशीनने केलंय. हल्ली चार शब्द टाकले की गाणं तयार मिळतं. मला ह्या आवाजाचा यकीन येत नाही."

निलेश बर्फाच्या फॅक्टरीतून तसाच ओल्या बुटांनी आलेला. "मशीन खोकत न्हाय, भाभी."

"खोकला पण टाकता येतो."

"कोन टाकंल? तुमच्याकडं लोक खोकला घालवायला येतात का आनायला?"

मी म्हटलं, माणूस आहे, पण इथला नाही. पुण्याचा असणार. दोन दिवस होमस्टेत राहायचं आणि वाडीवर गाणी पाडायची. रु. म्हणाली, तुला सगळेच पुण्याचे वाटतात. वाटतात, कारण असतात.

११ नोव्हें., मंगळ.

जेवताना शिरीषला म्हटलं, एक गाणं ऐकतोस का? "तुमची ती रडकी गाणी? नको." भात कालवत राहिला. नवरा म्हणून चांगलाच आहे, पण कान नाहीत. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतो, ओठ हलत नाहीत. माणगावकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. गाणं म्हणजे भजन किंवा लग्नातला बँड. इथे भूमापनच्या ऑफिसात लागला, लग्न झालं, बाबा थकल्यावर आमची सुपारीची वाडी बघायला आमच्याच घरात राहायला आला. गावात घरजावई म्हणतात ते त्याच्या कानावर येतच असेल.

जेवण लवकर उरकून, "मोटर बघून येतो." वाडीला पाणी सोडायचं म्हणून रोज संध्याकाळी जातो. हल्ली जेवणानंतरही एक फेरी असते. मोटरला एवढं काय झालंय?

१४ नोव्हें., शुक्र.

मतलईचं दुसरं गाणं आलं. 'दुरुस्ती'. ह्याच्या घरात एक बाई आहे, ती ह्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. मध्येच सुधारते. तारीख सुधारते, झाडाचं नाव सुधारते, पाहुण्यांसमोर सुधारते.

मी चुकलो की ती दिसते
एरवी ती कुठे असते?

ऐकून डोक्यात तिडीक गेली. अशा बाया असतात. माझी मोठी नणंद अशीच. गाण्याखाली लिहायची सोय असते, तिथे माझं नाव 'सुपारीफूल' आहे. (हे फक्त निलेश आणि रु.ला माहीत.) लिहिलं: "अशा बाईपाशी राहू नये. गाणाऱ्याने सरळ बॅग भरावी."

संध्याकाळी उत्तर आलं! "विचार चालू आहे."

ऐकणारे असतील जेमतेम दोन-तीनशे, तरी गायकाने स्वतः उत्तर दिलं. हातातली भाजीची जुडी तशीच राहिली. जेवताना शि.ला म्हटलं, एका गायकाने मला उत्तर लिहिलं आज. "कुठल्या?" आहे एक. त्याने ताक मागितलं.

१६ नोव्हें., रवि.

बैठकीत मी भाव खाल्ला. निलेशचं मत वेगळं. "ती बाई वाईट न्हाय ताई. तिला कुनी ऐकत नसल म्हनून ती सुधरवते." मी म्हटलं, तू अजून लग्नाचा आहेस, तुला काय कळतंय. रु. म्हणाली, गाणं एका बाजूचं असतं, कोर्टात दोन बाजू ऐकतात. ह्या दोघांना त्या बाईचा एवढा पुळका का?

मग आमचा आवडता खेळ, मागचे आवाज ओळखा. ही पोरं घरातच रेकॉर्ड करतात, त्यामुळे मागे कुकरची शिट्टी, कुत्रं, काहीही सापडतं. 'दुरुस्ती'च्या मागे पाणी ठिबकतंय. टप, टप, मोठ्या भांड्यात पडल्यासारखं. शेवटी एकदा काहीतरी सरसरत येऊन आपटतं. मी म्हटलं, झावळी पडली. नारळाची नाही, पोफळीची. हलकी आपटते. म्हणजे होमस्टे नाही, वाडी आहे. जवळपासचीच.

रु.ला आता तिसरंच सुचलं. "निलेश, पहिल्यांदा तुलाच कसा सापडला रे हा?"

मीही त्याच्याकडे बघितलं. खरंच की. त्याच्या आवाजात खर्ज आहे, आणि गणपतीत ढोलकी वाजवतो.

"आई एकवीरेची शपथ! मी गाईन तर माज्या नावानं गाईन. तोंड कशाला लपवीन?"

शपथ लगेच घेतली. फार लगेच.

२१ नोव्हें., शुक्र.

तिसरं गाणं. नाव 'अष्टमीचं उधाण'.

निलेशचा फोन, हसू आवरत नव्हतं त्याला. "सुटलो मी ताई! ह्यो कोळी न्हायच. अष्टमीला भांग असते, पानी चढतच न्हाय. डोलीच्या जाळ्याला ओढ मिळत न्हाय म्हनून त्या दिशी आमचे लोक जाळी शिवत बसतात. उधाण आज हाय, कालच्या अवसेचं. जाऊन बघ म्हनावं!"

मी लगेच सुपारीफूलच्या नावाने लिहिलं: "गायकास कळवावे, उधाण पौर्णिमेला व अमावास्येला येते. अष्टमीला नव्हे." नवशिक्यांनी आधी माहिती घ्यावी.

गाणं नीट ऐकलं नव्हतं. आता ऐकलं.

एका छत्रीत बसून राहिलो
पाणी आलं नाही, बरं झालं
आलं असतं तर उठावं लागलं असतं

छत्री.

शि. मोटर बघायला गेलाय.

२२ नोव्हें., शनि.

काल पुढे लिहवेना. लिहिते.

लग्नाचं पहिलं वर्ष. गोकुळाष्टमी. हा म्हणाला, "आमची नदी अष्टमीला दुथडी भरते, तुमचा समुद्र केवढा असंल! चल, उधाण बघायला." पाऊस होता. बंधाऱ्यावर एका छत्रीत बसलो. हा पाण्याकडे बघतोय आणि मी ह्याच्याकडे. बऱ्याच वेळाने मी सांगितलं, अष्टमीला पाणी येत नसतं. "मग आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तू इतक्या खात्रीने बोलत होतास.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा हसून हसून खोकले. मग दर गोकुळाष्टमीला ही गोष्ट निघायची. पाहुणे आले की मीच काढायची. शि.पण हसायचा. मग हसायचा बंद झाला. कधी, ते लक्षात नाही.

पण एका छत्रीत कुणीही बसतं. माणगाव, महाड, कुठल्याही आतल्या गावच्या माणसाला समुद्र नदीसारखा वाटणारच. ह्यावरून काही ठरत नाही. आणि आवाज? इतकी वर्षं एका घरात राहून नवऱ्याचा आवाज ओळखता येणार नाही का मला? शि.चा आवाज चढा आहे, कचेरीतला. गाणाऱ्याचा खाली, संथ.

पुन्हा ऐकलं. ओळखता येत नाही. नाही म्हणताही येत नाही.

२४ नोव्हें., सोम.

लेक केतकी मुंबईला शिकायला गेली तेव्हा तिचं युकुलेले माळ्यावर ठेवलं होतं. त्याला चार तारा. शि. ऑफिसला गेल्यावर शिडी लावली. माळ्यावरच्या सगळ्या सामानावर बोटभर धूळ. युकुलेलेच्या पिशवीवर नाही.

खाली उतरले. परत वर जाऊन पाहिलं. धूळ नाहीच.

२५ नोव्हें., मंगळ.

संध्याकाळी मुद्दाम वाडीत गेले. पंपाच्या खोलीत मोटर बंद. शि. हौदाच्या कडेला बसलेला, फोन हातात. नळाचं पाणी हौदात ठिबकत होतं.

"काय करतोस?"

"मोटर तापली. थंड व्हायला ठेवलीय."

मोटरला हात लावून पाहिला. गार होती. त्याने मला हात लावताना पाहिलं. कोपऱ्यात रचलेल्या पोत्यांमागे काय आहे ते बघायचं धाडस झालं नाही.

सरळ विचारावं तर, तो नसला तर हसेल आणि ही गोष्ट दर वर्षी पाहुण्यांना सांगेल. आणि असला तर? असला तर मीच त्याला बॅग भर म्हणून लिहिलंय. आणि तो विचार करतोय.

२६ नोव्हें., बुध.

केतकीला फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, हल्ली मतलई म्हणून एक जण ऐकतेय.

पलीकडून एकदम, "तू ऐकतेस ते?"

"का? मी ऐकू नये?"

"तसं नाही आई. कसं वाटलं तुला?"

"त्यातली बाई फार वाईट आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" आणि मग पटकन, "मला लेक्चर आहे." संध्याकाळी सहाला कसलं लेक्चर? बापलेक एक झालेत. गाणी इंटरनेटवर चढवायची अक्कल शि.ला कुठून येणार? पोरीनेच शिकवलं असणार. जी माझ्याकडे साधी चटणीची कृती विचारत नाही ती बापाशी हे सगळं बोलते. वाईट वाटलं. राग आला की वाईट वाटलं ते नीट कळत नाही. दोन्ही.

२८ नोव्हें., शुक्र.

आज गाणं नाही. फक्त एक ओळ: "पुढच्या शुक्रवारी शेवटचं. मग मतलई पडेल."

रात्री जेवताना शि. म्हणाला, "माणगावला बदली मागावी म्हणतोय. आईचं वय झालं."

"आणि वाडी?"

"वाडी तुझीच आहे." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते.

३० नोव्हें., रवि.

बैठक. रु.ने तिन्ही गाणी परत लावली. मी एकदम म्हटलं, त्या बाईची बाजू कुणी घेतच नाही. तिचं घर, तिची झाडं, तिच्या बापाने लावलेली. चूक दिसली तर तिने सांगायचंच नाही का?

दोघं बघतच राहिले. "पंधरा दिसामागं तुमीच बॅग भरायला सांगितलीत," निलेश म्हणाला.

"माणूस मत बदलतो."

"तू?" रु. म्हणाली. शाळेपासून ओळखते मला. पुढे काही विचारलं नाही, पण चहा पिताना सारखी माझ्याकडे बघत होती. हिला काय माहीत आहे? तिघांच्या गप्पा हिच्याकडून शि.पर्यंत जातात का? बीपीची गोळी घ्यायला तो तिथेच जातो. सुपारीफूल म्हणजे मी, हे ती सहज बोलून गेली असेल तर?

आता ह्यांच्यावरही संशय. कुणी उरलंच नाही.

२ डिसेंबर, मंगळ.

एक युक्ती केली. जे फक्त शि.लाच माहीत असेल असं काहीतरी त्याला सांगायचं. आणि ते कधी घडलेलंच नसेल, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायचा प्रश्न नाही. शुक्रवारी गाण्यात आलं की चोर सापडला.

जेवताना सहज म्हटल्यासारखं केलं. "मी लहान असताना बाबांनी वाडीतल्या सगळ्यात उंच पोफळीला पितळी घंटा बांधली होती. वारा सुटला की वाजायची. मला वाटायचं, झाडच बोलतंय."

अशी काही घंटा नव्हती. बाबा असले लाड करणारे नव्हते. पण सांगताना मला ती दिसली, अगदी दोरीसकट.

शि.चा घास हातातच राहिला. "कधी सांगितलं नाहीस."

"आज आठवलं."

"कुठल्या बाजूच्या?"

"विहिरीकडच्या." तोंडाला येईल ते.

"अजून असंल का गं?" म्हणाला. ताकही मागितलं नाही.

३ डिसें., बुध.

ऑफिसला जायच्या आधी शि. वाडीत. मी परसातून बघत होते. मान वर करून एकेका पोफळीखाली उभा राहत होता. विहिरीकडून सुरुवात, मग पुढे. मोजणी करतोय की काय? वाडीची वाटणी मनात आहे का ह्याच्या? भूमापनवाला माणूस.

"काय बघतोस?" विचारलं तर म्हणाला, "घोस पिकलेत का बघतोय. सोमवारी धाकू येणार उतरवायला." मान चोळत आत गेला.

५ डिसें., शुक्र.

शेवटचं गाणं आलं. नाव: 'घंटा'.

म्हणजे सापडला. जिंकले मी. ऑफिसचं दार लावून घेतलं आणि ऐकलं.

घंटा कुठल्या पोफळीला?
शोधून आलो वाडीभर
मान दुखली, दिसली नाही

किती दिवसांनी सांगितलंस काही
चूक माझी न काढता
म्हणून वाजली. मी ऐकली

अर्धी भरलेली बॅग
अर्धीच राहू दे आज

मी इतकी रडले की शिपाई दार वाजवायला लागला. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

मी सापळा लावला आणि त्याला वाटलं, मी त्याला काहीतरी दिलं. एवढ्या वर्षांत मी त्याला दिलेली गोड गोष्ट ही, आणि ती धडधडीत खोटी.

घरी आल्यावर पलंगाखाली वाकून बघितलं. माणगावची निळी बॅग होती. चेन उघडली. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. दाढीचं सामान सकाळी बाथरूममध्ये होतं की नव्हतं, ते आठवेना. 'आज' राहू दे, असं म्हणालाय तो. उद्याचं काय?

७ डिसें., रवि.

रु. 'घंटा' ऐकून डोळे पुसत होती. "मशीन असेल तर त्या मशीनला पण सलाम." मग म्हणे, ह्या गाण्यातली बाई वेगळीच वाटते. निलेश म्हणाला, बाई तीच हाय, बघनारा बदलला. वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

निघताना निलेशला बाजूला घेऊन विचारलं, जुन्या होडीची एखादी घंटा आहे का घरी?

"हाय की, आज्याच्या होडीची. कशाला?"

"दाराला."

"दाराला?" माझ्याकडे बघून, आवाज खाली करून, "का पोफळीला?"

म्हटलं, तुला काय करायचंय? हसला. "न्हाय, गाना ऐकलाय म्हनून आपला इचारला." खरंच एवढंच? की पहिल्या दिवशी 'एकट्याच ऐका' म्हणाला तेव्हापासून सगळं ठाऊक होतं ह्याला? विचारलं नाही. विचारायला लागले तर थांबता येणार नाही.

८ डिसें., सोम.

निलेश सकाळी घंटा देऊन गेला. हिरवी पडलेली, जड. चिंच लावून घासली. पिकल्या सुपारीसारखी पिवळी झाली. तांदळाच्या डब्यात लपवली.

धाकू सुपारी उतरवायला आला. एका पोफळीवर चढला की खाली येत नाही, शेंडा झुलवून पुढची धरतो आणि तसाच पलीकडे जातो. लहानपणी मी श्वास धरून बघायची. आज शि. खाली घोस गोळा करत होता आणि मी पडवीत उभी. धाकूला हळूच सांगितलं असतं तर विहिरीकडच्या उंच पोफळीला बांधून आला असता. हिरवेपणा नाही, दोरी नवीन, शि.ला लगेच कळलं असतं. की कळून न कळल्यासारखं केलं असतं? मग मी जन्मभर संशय घेत बसले असते, ह्याला कळलंय का म्हणून.

धाकूला काही सांगितलं नाही. तो चहा पिऊन गेला. डबा अजून स्वयंपाकघरातच आहे.

शि. मात्र त्याला विचारत होता, "वर कुठं घंटाबिंटा दिसली का रे?"

"घंटा? न्हाय बा. कुनाची?"

"सासऱ्यांची."

सासऱ्यांची म्हणाला. बाबा जिवंत होते तेव्हापासून त्याने कधी नुसतं 'सासरे' म्हटलेलं मला आठवत नाही. नेहमी 'तुझे बाबा'.

१० डिसें., बुध.

बॅग तशीच. रोज बघते. आज त्यात एक शर्ट कमी. धुवायला काढला की घालायला? दोरीवर तो शर्ट वाळत होता. ह्यावरून काय समजायचं?

बदलीचं विचारलं. "अजून अर्ज नाही दिला." का नाही, ते विचारलं नाही. तो म्हणाला, "कालची आमटी छान झाली होती." मी म्हणणार होते, काल आमटी नव्हती, सांबार होतं. म्हटलं नाही. जीभ दाताखाली धरली. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्यालाही आता माझा संशय यायला लागलाय बहुतेक.

१२ डिसें., शुक्र.

मतलईचं काही नाही. सुपारीफूलच्या नावाने 'घंटा'च्या खाली लिहायला घेतलं तीनदा. "घंटा नव्हती." पुसलं. "बॅग भरू नये." पुसलं. काहीच पाठवलं नाही.

आत्ताच शि. ऑफिसातून आला. चहा झाला. मला वाटलं, आता म्हणेल, मोटर बघून येतो. तर म्हणाला, "बंधाऱ्यावर येतेस? उधाण बघायला जाऊ."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. आज अष्टमी. मार्गशीर्ष वद्य.

चुकतोय? की मुद्दाम म्हणतोय? इतकी वर्षं मी सांगत आलेय, तो विसरेल का? आणि सुपारीफूलने तर लिहूनच दिलं होतं. तोंड सरळ होतं त्याचं. डोळ्यांत काही होतं की नव्हतं, मला वाचता आलं नाही. मी 'चल' म्हटलं.

आत येऊन हे घाईत लिहितेय. तांदळाच्या डब्यातून घंटा काढून पिशवीत टाकलीय. खरं सांगायचं तर हातात काहीतरी हवं. आधी घंटा सांगू की सुपारीफूल, ते ठरत नाही. सुपारीफूल सांगितलं तर तो म्हणेल, मला माहीत होतं. किंवा बॅगेत शर्ट परत जाईल.

पाणी येणार नाही हे मला माहीत आहे. त्याला माहीत आहे का, ते तिथे बसल्यावर कळेल. नाहीतर नाही कळणार.

पडवीत त्याने घसा खाकरला. अगदी तसाच.

पाऊस नाही, तरी हातात छत्री आहे त्याच्या. निघते.